दादाची कावीळ

आमच्या घरात अंडं ही दादाची गोष्ट होती. कोंबड्या आईच्या, त्यांना कणी टाकायची मी, खुराडं झाडायची बाय, आणि अंडं दादाचं. सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आली की आई चुलीवर पाण्याचं पातेलं चढवायची, त्यात एक अंडं सोडायची, आणि दादा उठेपर्यंत ते तिथं उकळत राहायचं. पातेल्याच्या बुडाला लागणाऱ्या त्या अंड्याची टकटक हा माझ्या लहानपणाचा आवाज आहे. समुद्र आमच्या घरापासून लांब नव्हता, वारा सुटला की सुरूच्या बनातून त्याची गाज आत यायची. विहिरीवरचा पंप धडधडत असायचा, चर्चची घंटा दिवसातून तीनदा व्हायची. पण डोळे मिटले की मला ऐकू येते ती टकटक. आमच्या भुईगावच्या आठवणी लिहिणारे लोक केळीच्या बागा आणि किनारा लिहितात. लिहू देत. मी अंडं लिहिते.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण सिसिलिया. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दादा, म्हणजे व्हिक्टर, आम्हा दोघींच्या मधला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बाबा मी बारा वर्षांची असताना वाडीत पाणी सोडता सोडता छातीत कळ येऊन गेले. त्यानंतर घरात पुरुष म्हणून एकटा दादा उरला, आणि आईनं त्याला पुरुष म्हणूनच वाढवायचं ठरवलं. म्हणजे त्याला काम कमी आणि ताट मोठं. रविवारी मटण झालं की फोडी त्याच्या ताटात, आम्हाला रस्सा आणि हाडं. सुके बोंबील भाजले तर जाड मधला भाग त्याला, शेपट्या आम्हाला. सगळ्यांचं झाल्यावर आई जेवायची. ती काय जेवायची ते मी कधी नीट पाहिलंच नाही, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

आई दुष्ट नव्हती. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं वाचताना ती दुष्ट वाटेल. तिच्या आईनं तिला तसंच वाढवलं होतं, आणि शेजारच्या प्रत्येक घरात तसंच चाललं होतं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझं वजन वाढत नाही म्हणून गावातल्या बायका मला 'काडी' म्हणायच्या, आणि मीही हसायची. बायचे ओठ नेहमी पांढरट असायचे. तिचा रंगच तसा आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी नऊ वर्षांची असताना मला कावीळ झाली. डोळे, नखं, सगळं पिवळं. आई वाडीत आणि बाजारात अडकलेली, म्हणून माझी सगळी उस्तवार सोळा वर्षांच्या बायनं केली. शेजारच्या गावात एक म्हातारी कावीळ उतरवायची, तिच्याकडे दर तिसऱ्या दिवशी बाय मला पाठंगुळीला घेऊन जायची. म्हातारी माझ्या तळहातांना चुना लावून वरून पाणी सोडायची, पाणी पिवळं व्हायचं, आणि बाय मोठ्या विश्वासानं मला म्हणायची, "बघ, निघाली." घरी आल्यावर मऊ भात, मुळ्याचा रस, ताक. मला तेलाचा वास जरी आला तरी उलटी व्हायची, तर बाय स्वतःसुद्धा महिनाभर बिनफोडणीचं जेवली. दादाला त्या महिन्यात आईनं मावशीकडे पाठवून दिलं होतं, त्याला लागण होऊ नये म्हणून. तो मावशीकडे मजेत राहून, चांगला गुबगुबीत होऊन परत आला. डॉक्टरांना दाखवलंच नाही कोणी. ती कशाची कावीळ होती, ते देवाला ठाऊक.

आता दहा वर्षं पुढं येते. दादानं आयटीआयचा वेल्डरचा कोर्स केला होता आणि आखाती देशात नोकरीला जायचं त्याचं नक्की होत आलं होतं. आमच्या गावात तेव्हा ज्या घराला स्लॅब पडला ते घर आखातातल्या पैशाचं, असा सरळ हिशेब होता. एजंटानं सगळे कागद केले होते, मुलाखत झाली होती, उरली होती फक्त मुंबईतली मेडिकल. आणि या मेडिकलची आमच्या घरात देवाहून जास्त भीती होती. एजंट घरी येऊन आईला बजावून गेला होता, "मुलाला जपा. ताप येऊ देऊ नका, जागरण नको, दारूचा थेंब नको. रक्त कमी भरलं की कागद तिथल्या तिथं फाडतात." गावातल्या दोन पोरांना मेडिकलनं परत पाठवलं होतं. एकाच्या छातीत डाग निघाला, दुसऱ्याचं काय निघालं ते त्याच्या घरच्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून दादाला एकाची दोन अंडी झाली. बीट आणलं गेलं. गूळ-शेंगदाणे त्याच्या उशाशी. त्याच्या प्राथमिक तपासणीचा एक कागद आईनं येशूच्या तसबिरीमागं खोचून ठेवला होता, त्यावर त्याचा रक्तगट लिहिला होता, बी निगेटिव्ह.

त्याच दिवसांत बाय पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लग्नाला चार वर्षं झाली होती, दोनदा दिवस राहून गेले होते, आणि आता हे तिसरं पोट आठव्या महिन्यापर्यंत टिकलं होतं. तिच्या दवाखान्याच्या कार्डावरही बी निगेटिव्ह लिहिलेलं होतं. आईला त्याचं मोठं कौतुक वाटलं होतं. "बाबांचं रक्त हाय दोघांत," ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. माझा गट कोणी पाहिलाच नव्हता. (आमच्या घरची बोली मी इथं पूर्ण लिहीत नाही. शाळेत ती तोंडून गेली म्हणून मी छड्या खाल्ल्या, आणि पुढं शिक्षिका होऊन मीच दुसऱ्यांची तोंडं सरळ केली. आता ती कागदावर उतरवायला हात धजत नाही.)

दादाच्या मेडिकलला दोन दिवस उरले होते. सकाळी मी ओट्यावर तांदूळ पाखडत होते आणि बाय केळीच्या पानांच्या शिरा काढत बसली होती. बसल्या जागी ती म्हणाली, "आग्नेस, मला ओलं लागतंय गं." मी पाहिलं तर तिच्या खालची गोणपाटाची घडी लाल झाली होती. दुखत नव्हतं तिला. मला वाटलं, दुखत नाही म्हणजे फार काही नसेल. किती अडाणी होतो आम्ही! दादानं शेजारच्यांचा टेम्पो काढला, केळीच्या घडांखाली अंथरायचा पेंढा मागं होताच, त्यावर गोधडी टाकून आम्ही बायला पापडीला नेलं. तिथं एका डॉक्टरांचं दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. बायचं नाव तिथंच घातलेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन उभ्या उभ्या सांगितलं, "वार खाली आलीय. बाळ मोकळं व्हायला तिनं वाट अडवलीय. ऑपरेशन करावं लागणार, आणि हातात रक्ताची बाटली असल्याशिवाय मी पोट उघडणार नाही. तिच्यात आधीच रक्त नाही." ते शेवटचं वाक्य त्यांनी आईकडे बघून म्हटलं. निगेटिव्ह रक्त बोरिवलीपर्यंत कुठं मिळत नव्हतं, त्यांनी फोन करून पाहिले होते. मुंबईला हलवायचं तर रस्त्यातच काही होईल. "घरात कोणाचं बी निगेटिव्ह आहे?" भावोजी मुंबईत कामावर, त्यांना कंपनीत निरोप गेला होता, पण त्यांचा गट पॉझिटिव्ह. आईनं दादाकडे पाहिलं. दादानं जमिनीकडे.

तेव्हा अशा लहान दवाखान्यांतून तिथल्या तिथं रक्त काढून तिथल्या तिथं द्यायचे. डॉक्टरांकडे एक तपासनीस होता, त्याची खोली जिन्याखाली. दादा म्हणाला, "परवा माझी मेडिकल आहे." डॉक्टरांना ते नीट कळलंच नाही, त्यांनी पुन्हा विचारलं. मग ते शांतपणे म्हणाले, "अरे, धडधाकट माणसानं एक बाटली दिली तर काही होत नाही. पाणी पी, जेव, उद्या कामाला लाग." आईनं विचारलं, "पन मेडिकलला दिसल काय?" डॉक्टर म्हणाले, "रक्त थोडं कमी दिसेल. त्यानं कोणी नापास होत नाही." "थोडं म्हणजे किती?" आईनं विचारलं. आत माझी बहीण भिजत पडली होती आणि माझी आई बाहेर थोडं म्हणजे किती हे विचारत होती. मला राग आवरेना. मी म्हणाले, "माझं बघा आधी. माझंही तेच असेल."

आणि तेच निघालं. तपासनिसानं बोट टोचून काचेवर तीन थेंब घेतले, त्यात औषधं मिसळली, काच हलवली आणि म्हणाला, "बी निगेटिव्ह." आयुष्यात मला इतका आनंद फार थोड्या वेळा झालाय. मी बाही वर करून बसले सुद्धा. मग डॉक्टर आले आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. अठरा पूर्ण? एकोणीस. सकाळी काही खाल्लंस? भाकरी. मलेरिया? नाही. पाळी? नाही. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, काटा एकेचाळीसवर थांबला, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पुन्हा आठ्या. मग विचारलं, "कावीळ झाली होती कधी?"

मी हो म्हणाले. शिस्तीत, बाकावर उभं राहून उत्तर द्यावं तसं. नऊ वर्षांची असताना, महिनाभर. "कसली होती? तपासलं होतं?" नाही. डॉक्टरांनी माझी बाही स्वतःच्या हातानं खाली केली. "वजनाकडे मी एक वेळ डोळेझाक केली असती, पोरी. पण कसली कावीळ ते माहीत नसलेलं रक्त मी तिला देणार नाही. ती वाचेल आणि पुढं लिव्हरनं जाईल." ते बरोबरच होते. आता मी पुरेसं वाचलंय, नियम आजही तसाच आहे. पण इतक्या वर्षांत असा एकही महिना गेला नसेल की मला वाटलं नाही, नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. गिळून टाकायचा होता.

आता मी राहते तिथं, बोळिंजला, आमच्या संकुलात दर वर्षी रक्तदान शिबिर भरतं. क्लबहाऊसमध्ये खाटा, दारात फलक, केळं आणि ज्यूस, रक्तदात्यांना चहाचे मग. नीटनेटक्या कपड्यांतली मुलंमुली ऑफिसला सुट्टी घेऊन येतात, हात लांब करून मोबाइलवर फोटो काढतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, खरंच वाटतं. गेल्या वर्षी मी खाली भाजी आणायला उतरले तर एका मुलीनं माझ्या हातात तो कागद दिला, "आंटी, यू कॅन ट्राय, साठच्या आत असाल तर." मी तो कागद बाकावर बसून पूर्ण वाचला. पंचेचाळीस किलो. हिमोग्लोबिन साडेबारा. मागच्या वेळेपासून पुरुषांना तीन महिने, बायकांना चार. शेजारच्या टेबलावर बायकांची रांग होती, बोट टोचलं की निम्म्याजणी परत फिरत होत्या. "कमी आहे, पालक खा." चांगल्या पगाराच्या, स्वतःच्या फ्लॅटच्या बायका. हसत हसत परत जात होत्या, जशी मी 'काडी' म्हटल्यावर हसायची. कोण द्यायला लायक आहे हे त्या टेबलावर ठरत नाही. ते स्वयंपाकघरात फार आधी ठरलेलं असतं. कागदावर शेवटी 'कावीळ' असं लिहिलेलं आलं, तेव्हा मी तो घडी करून पिशवीत टाकला आणि घरी आले.

तर मी जिन्याखालच्या खोलीतून बाहेर आले. आई आणि दादा बाकावर बसले होते. मला रडू फुटलं होतं. मी म्हणाले, "गट जुळला, पण घेत नाहीत. कावीळ झालेल्यांचं घेत नाहीत." एवढंच म्हणाले. दादानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तेव्हा ओळखलं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी वाईट वाटलं त्याला. तो उठला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "मी जातो." मला इतकं बरं वाटलं की मी त्याचा हात धरला. तो आत गेला. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, बाहेर आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "नाय चालत. लहानपणी कावीळ झालेली ना मला."

त्याच्या मागोमाग डॉक्टर आले. त्यांना शंका आली होती, न यायला ते काही खुळे नव्हते. त्यांनी दादाकडे पाहिलं, त्याचे ते दंड, ती मान, आणि आईला विचारलं, "आई, याला पण झाली होती कावीळ?"

आईचा हात माझ्या मनगटावर होता. केव्हा आला होता ते मला कळलं नव्हतं. तिची बोटं वाडीतल्या कामानं राठ झालेली, आणि ती इतकी आवळली गेली की माझ्या बांगडीची काच तडकली. ती डॉक्टरांकडे सरळ बघून म्हणाली, "व्हय डॉक्टर. लहानपनी झालेली. लय बेकार."

मी काही बोलले नाही. मनगट दुखत होतं म्हणून नव्हे. एकोणीस वर्षांची मुलगी हात सोडवून घेऊ शकते. आईला त्या गोऱ्या, शिकलेल्या डॉक्टरांसमोर खोटं पाडायचं मला धाडस झालं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही डोळ्यांसमोर स्लॅब आला. दादा गेला की माझं बी.एड. होणार होतं. तसं तो मला बोलला होता.

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि फोनकडे गेले. त्यांच्याकडे एक वही होती, आधी कधी रक्त दिलेल्यांची. त्यांनी बरेच फोन केले, एसटीच्या डेपोतही केला. आम्ही बसून राहिलो. आई माळ जपत होती. मणी सरकत होते, ओठ हलत होते, आणि मला पहिल्यांदा तिच्या प्रार्थनेचा संताप आला. बारा वाजता चर्चची घंटा झाली. एकच्या सुमाराला नर्स बाहेर आली आणि आमच्याकडे न बघता डॉक्टरांच्या खोलीत गेली. बाळाचे ठोके लागत नव्हते.

अडीच वाजता खाकी कपड्यातला एक माणूस आला. एसटीचा ड्रायव्हर, घाटावरचा, वसईला बदलीवर आलेला. नाव पवार. "साहेब, निरोप आत्ता मिळाला, गाडीवर होतो," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "मागच्या वेळेला तीन महिने झाले ना?" "साडेतीन झालं साहेब, लिहून ठेवलंय मी." त्यानं पाकिटातून एक चुरगळलेलं कार्ड काढून दाखवलं. कावीळ? नाही. औषध? नाही. दारू? "नाय वो, ड्यूटीवर असतो." तो आत गेला, बाटली देऊन बाहेर आला, आणि कापसाचा बोळा दाबत आमच्या शेजारी, दादाच्या शेजारी, त्याच बाकावर बसला. "कोन आहे पेशंट?" त्यानं दादाला विचारलं. दादा म्हणाला, "बहीण." तो म्हणाला, "काळजी करू नका. माझं रक्त लागलं की माणूस उठतंय, आतापर्यंत तर सगळी उठलीत." आणि हसला. डॉक्टरांनी त्याला आज गाडी चालवू नको म्हणून बजावलं, तर तो म्हणाला, डेपोत सांगतो. आईनं दादाच्या प्रवासासाठी सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, पुड्या बांधून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोन तिनं माझ्याबरोबर डेपोत पाठवल्या. पवारनं त्या पोरांसाठी म्हणून ठेवून घेतल्या आणि मला विचारलं, "उठल्या का ताई?"

उठली. बाय वाचली. मुलगा होता, तो गेला, आणि रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांना तिची पिशवी काढावी लागली. सव्वीस वर्षांची होती. भावोजी संध्याकाळी आले, त्यांनी ते लहानसं गाठोडं स्वतः उचललं. ते भले माणूस होते. बायला त्यांनी जन्मभर एका शब्दानं दुखवलं नाही, पण त्या दिवसानंतर त्यांच्या घरात कोणी मोठ्यानं हसलेलं मी ऐकलं नाही. बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्यामुळं त्याला कुठं ठेवायचं यावरून तेव्हाच्या रीतीप्रमाणं कुजबुज झाली. शेवटी दफनभूमीच्या कोपऱ्यात जागा मिळाली.

तिसऱ्या दिवशी दादा मुंबईला मेडिकलला गेला. तिथंही एक छापील कागद भरायचा होता. हा आजार, तो आजार, हो की नाही. त्याची एक प्रत त्यानं घरी आणली आणि आईनं ती येशूच्या तसबिरीमागं खोचली. मी ती काढून वाचली. कावीळ, नाही. तीन दिवसांत माझ्या भावाला कावीळ झाली आणि कधी झालीच नव्हती. हिमोग्लोबिन पंधरा पूर्णांक काहीतरी. आईनं तो आकडा गावात पाहुण्यांना सांगितला, जसे दुसरे लोक परीक्षेचे मार्क सांगतात.

तो गेला, अकरा वर्षं राहिला, स्लॅब पडला, वर माडी चढली. माझं बी.एड.सुद्धा त्याच्याच पैशानं झालं. हे मी लपवणार नाही. त्या पैशानं मी शिकले, शाळेत लागले, आणि तीस वर्षं मुलांना खरं बोलावं असं शिकवलं. दादा आता म्हातारा झालाय, गावातल्या समित्यांवर असतो. दोन वर्षांपूर्वी तिथल्या शिबिराचं उद्घाटन त्याच्या हातून झालं. माईक घेऊन तो म्हणाला, "मला रक्तदानाची फार इच्छा होती, पण लहानपणी कावीळ झाल्यामुळं देवानं ते भाग्य दिलं नाही." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याला आता ते खरंच वाटतं. मला त्याचा राग येतो म्हणावं, तर तो मोठ्या आजारातून उठलेल्या माणसासारखा तेल-तूप जपून खातो. आईनंही मरेपर्यंत त्याला तळलेलं वाढलं नाही. फादरांकडे पापनिवेदनाला ती दर महिन्याला जायची. तिथं तिनं हे कधी सांगितलं का, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

बाय प्रसूतिगृहात दहा दिवस होती. सहाव्या दिवशी ती उशीला टेकून बसू लागली. आई घरी गेली होती, मी तिला पेज भरवत होते. पलीकडच्या खाटांवर तान्ही मुलं रडत होती, आणि प्रत्येक वेळी रडं ऐकलं की बाय ओठ मिटायची, ते थांबलं की पुन्हा तोंड उघडायची. तिच्या ओठांवर थोडा रंग आला होता, पवारचा. दोन चमचे झाल्यावर तिनं माझा हात धरून थांबवला.

"आई म्हनाली, दादाचं घेतलं नाय. त्याला कावीळ झालेली म्हनून."

"हो."

"कावीळ तुला झालेली ना गं?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला राग आला नव्हता, रडतही नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. त्या घरात तिनं विश्वासानं विचारावं असं माणूस मी एकटीच होते, आणि ती विचारत होती. म्हातारीकडे जाताना तिच्या पाठीवर मी बसले होते. तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, हो बाय, मलाच. बाकी तिचं तिनं ओळखलं असतं, आणि कोणावर चिडायचं ते तरी तिला कळलं असतं. पण दादाची मेडिकल पास झाली होती, तिकीट येणार होतं, आई घरी नवस फेडत होती. मी पेजेचा चमचा पुन्हा भरला.

"दोघांनाही झालेली," मी म्हणाले. "तू विसरलीस."

बायनं भरलेल्या चमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असंल." आणि चमच्यातली पेज पिऊन टाकली.

त्यानंतर ती तीस वर्षं जगली. आमच्यात कधी भांडण झालं नाही. माझ्या लग्नात ती राबली, माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली, बोळिंजला फ्लॅट घेतला तेव्हा पहिला दिवा तिनं लावला. सगळं सांगायची मला, कुठं काय झालं, कोण आलं, कोण गेलं. पण विचारायची नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, बस किती वाजता आहे, ही साडी बरी दिसते का, काहीही नाही. मला हे कळायलाच कितीतरी वर्षं गेली, आणि कळल्यावर मी तिच्या एका साध्या प्रश्नाची वाट बघत राहिले. शेवटच्या दिवसांत ती दवाखान्यात होती, तिला दिवसाचं भान राहत नव्हतं. मी तिच्या उशाशी बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, मान वळवली, आणि आज वार कोणता आहे ते पलीकडच्या खाटेवरच्या अनोळखी बाईला विचारलं.